गरोदरपण आणि शेतातील काम : शेतकरी कुटुंबाने घ्यावयाची काळजी

गाय सात महिन्यांची गाभण झाली की जाणकार पशुपालक तिचे दूध आटवतो. तिला लांब चरायला नेत नाही, खुराक वाढवतो, क्षारमिश्रण चालू करतो आणि ती कोणत्या आठवड्यात विणार याची नोंद गोठ्याच्या भिंतीवर खडूने करून ठेवतो. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. स्त्रीचा गर्भकाळही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजला तर २८० दिवसांचाच भरतो. मात्र ज्या घरात गाईची तारीख भिंतीवर लिहिलेली असते, त्याच घरातील सुनेला कितवा महिना आहे हे घरच्या कर्त्या पुरुषाला पुष्कळदा नीट सांगता येत नाही. तिचे काम सातव्या महिन्यात थांबत नाही, आणि खुराक वाढण्याऐवजी काही घरांत कमी होतो. म्हणून प्रस्तुत लेख घरातील स्त्रियांइतकाच, किंबहुना थोडा अधिक, शेतकरी बंधूंसाठी लिहिला आहे. शेतातील कामाची वाटणी, फवारणीचा दिवस, दूध किती विकायचे आणि दवाखान्यात जायला गाडी कधी काढायची, हे निर्णय बहुतेक घरांत अजून त्यांच्याच हातात आहेत.

कष्टाचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध

“आमच्या आईने सकाळी खुरपले आणि संध्याकाळी बाळंत झाली,” असे अभिमानाने सांगणारे लोक खेडोपाडी भेटतात. ती माऊली व तिचे बाळ सुखरूप राहिले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण एका उदाहरणावरून नियम बनत नाही. एक कांडे न फुटताही उगवले म्हणून कुणी बेण्याची निवड करणे सोडत नाही, तसेच हे.

याबाबतीत आपल्याच मुलखात काळजीपूर्वक झालेला एक अभ्यास आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत, कोरडवाहू शेती करणाऱ्या कुटुंबांतील सुमारे ८०० गरोदरपणांची नोंद ठेवली. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. या अभ्यासात स्त्रिया काय खातात याबरोबरच त्या दिवसभर काय काम करतात याचीही मोजदाद झाली. शेतातील काम, पाणी भरणे, धुणे हे सर्व त्यात धरले होते. ज्या स्त्रियांवर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या व मधल्या काळात कष्टाचा भार अधिक होता, त्यांची बाळे जन्मतः लहान भरली, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

यातील “सुरुवातीच्या व मधल्या काळात” हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे काम कमी करण्याचा विचार पोट दिसू लागल्यावर, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात होतो. पण वार तयार होण्याचे काम पहिल्या काही महिन्यांतच होत असते आणि पुढे बाळाला मिळणारा सारा पुरवठा त्या वारेतूनच होतो. लागवडीच्या वेळी मुळी नीट बसली नाही तर नंतर कितीही खत दिले तरी रोप पिछाडीवर राहते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ स्त्रीने नऊ महिने खाटेवर पडून राहावे असा नाही. चालणे, स्वयंपाक, निवडटिपण, बसून करायची हलकी कामे यांनी प्रकृती चांगली राहते. टाळायचे ते वजन उचलणे, तासन् तास वाकून राहणे, उन्हात राबणे व उंचावर चढणे. कांद्याची लागण आणि काढणी ही आपल्या जिल्ह्यातील मोठी कामे बहुतांशी बायकांवर चालतात आणि ती सर्व वाकून किंवा उकिडवे बसून करावी लागतात. गरोदर स्त्रीला या दिवसांत रोपे निवडणे, कांदा प्रतवारी अशी सावलीत व पाठीला टेका देऊन करता येतील अशी कामे द्यावीत. दुपारी दोन तास डाव्या कुशीवर झोप मिळाली पाहिजे. पाण्याचा हंडा व वैरणीचा भारा तिच्या डोक्यावर पहिल्या महिन्यापासूनच देऊ नये. कडबाकुट्टी यंत्राजवळ साडीचा पदर सोडून काम करणे एरवीही धोक्याचे, या काळात तर ते तिला सांगूच नये.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. शेतात आडोसा नसल्यामुळे बायका लघवीला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. गरोदरपणात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तो दुर्लक्षित राहिला तर दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. चार बांबू आणि जुन्या पोत्यांचा आडोसा विहिरीजवळ उभा करायला अर्धा तास लागतो.

फवारणीच्या दिवशी

राहाता, संगमनेर, पारनेर भागातील डाळिंब असो, श्रीगोंद्यातील द्राक्ष असो की कोणाचा भाजीपाला, फवारणीचे काम पुरुषाचे मानले जाते. प्रत्यक्षात पंप पुरुषाच्या पाठीवर असतो एवढेच. टाकीत पाणी भरणे, औषध ढवळणे, झाडांमधून नळी ओढणे आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे धुणे हे घरातील स्त्री करते. बहुतेक कीटकनाशके नाकातोंडापेक्षाही कातडीतून अधिक प्रमाणात शरीरात जातात, आणि ओल्या कपड्यातून तर झपाट्याने जातात. म्हणून कपडे धुण्याचे काम किरकोळ समजू नये.

डब्यावरील त्रिकोणाबद्दल एक गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा व हिरवा या रंगांनी औषधाची विषारीपणाची पातळी दाखवली जाते, हे आपण जाणतोच. परंतु ही पातळी ते औषध एकदम पोटात गेल्यास किती मात्रेत प्राणी दगावतो यावर ठरवलेली असते. थोड्या थोड्या प्रमाणात वारंवार शरीरात गेल्यास पोटातील गर्भावर काय परिणाम होईल, हे त्या रंगावरून कळत नाही. तेव्हा “हिरव्या त्रिकोणाचे आहे, काही होत नाही” असे समजून गरोदर स्त्रीला टाकी ढवळायला उभे करू नये. बीजप्रक्रियेची पावडर हाताने चोळणे, तणनाशकाची फवारणी, दाणेदार औषध फेकणे, ही कामेही तिच्याकडे नसावीत. फवारलेल्या बागेत तोडणीसाठी किंवा खुरपणीसाठी लेबलावर दिलेला काळ संपल्याशिवाय तिने जाऊ नये, आणि लेबलावर काळ दिलेला नसेल तर निदान दोन-तीन दिवस थांबावे. फवारणीचे कपडे ज्याने फवारले त्यानेच वेगळ्या बादलीत धुवावेत. हे पुरुषाला कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही.

घरात भुसार साठवताना सेल्फॉसच्या गोळ्या वापरण्याची वाईट सवय काही ठिकाणी आहे. या गोळ्यांतून निघणाऱ्या वायूने झोपेत अख्खी कुटुंबे दगावली आहेत. राहत्या घरात, विशेषतः बाळंतिणीच्या किंवा गरोदर स्त्रीच्या खोलीशेजारी, त्या कधीही ठेवू नयेत. घरच्यापुरते धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, झाकणाच्या कोठीत उत्तम राहते.

गोठ्यातून होणारा धोका

अहिल्यानगर जिल्हा दुधाचा जिल्हा आहे. दारात दोन-चार संकरित गाई नाहीत असे बागायती घर क्वचितच सापडेल. गोठ्यातील शेण-सारवण, धार, वासरांची निगा यांचा मोठा भाग स्त्रियाच करतात, म्हणून ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, या रोगाची माहिती प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

या रोगात गाय साधारणपणे पाच महिन्यांनंतर, बहुतेक वेळा सातव्या महिन्याच्या सुमारास गाभडते आणि पुष्कळदा तिची वार अडकते. गाभडलेले वासरू, वार व गाईच्या अंगावरून जाणारा स्राव यांत रोगजंतू खच्चून भरलेले असतात. हाताला बारीकशी जखम असेल, डोळ्यात शिंतोडा उडाला किंवा कच्चे दूध पोटात गेले तरी माणसाला लागण होते. माणसात या रोगाने अधूनमधून चढउतार होणारा ताप, रात्री घाम, सांधेदुखी, कंबरदुखी व थकवा अशी लक्षणे दिसतात. आठवडेच्या आठवडे हा त्रास चालतो आणि ती टायफॉइड किंवा वाताची व्याधी समजली जाते. गरोदर स्त्रीला लागण झाल्यास गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. शेळ्या-मेंढ्यांत आढळणारी या जंतूची जात तर माणसाला अधिक त्रासदायक आहे, हे मेंढपाळ बांधवांनी लक्षात ठेवावे.

म्हणून गाय व्यायला झाली असता किंवा गाभडली असता गरोदर स्त्रीने गोठ्यात पाऊल टाकू नये. घरातील पुरुषाने हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून साफसफाई करावी. गाभडलेले वासरू व वार उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, कुत्र्यांना मिळू देऊ नये. जागा चुन्याने किंवा जंतुनाशकाने धुवावी. पशुवैद्यकाला बोलावून गाईचे रक्त तपासून घ्यावे. घरात वापरायचे दूध उकळूनच घ्यावे. खरवस नीट वाफवलेला असेल तर हरकत नाही, पण चीक कच्चा चाखण्याची सवय सोडून द्यावी.

यावर प्रतिबंधक लस आहे. ती फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच टोचतात. २०१९ पासून केंद्र शासनाच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत दिली जात आहे. ही लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचणीच्या वेळी वासरू धरायला गरोदर स्त्रीला उभे करू नये.

ताप आलेल्या गरोदर स्त्रीला दवाखान्यात नेल्यावर “आमच्या गोठ्यात अमुक महिन्यात गाय गाभडली होती” हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही, आणि हे वाक्य कानावर पडले नाही तर योग्य ती रक्ततपासणी होण्यास उशीर लागतो.

अकोले तालुक्यातील भातखाचरांत आवणीच्या दिवसांत दुसरे पथ्य आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला भेगा किंवा जखमा असलेल्या गरोदर स्त्रीने चिखलात उतरू नये.

आहार : डेअरीला घालण्याआधी घरात

गरोदर स्त्रीने जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडते, हा समज अजून पूर्ण गेलेला नाही. बाळ अडण्याची कारणे मुख्यतः आईच्या कटिभागाची ठेवण, लहान वय, बाळाची आडवी स्थिती ही असतात. काही स्त्रियांत मधुमेहामुळे बाळ अवाजवी वाढते, पण त्यासाठी रक्तातील साखर तपासायची असते. उपाशी राहून बाळ सुखाने होत नाही, उलट अशक्त आई व कमी वजनाचे बाळ दोघेही धोक्यात येतात. नऊ महिन्यांत साधारणपणे ९ ते ११ किलो वजन वाढणे योग्य समजतात. दर महिन्याला वजन करून घेतले तर ते कळते.

वर उल्लेखिलेल्या पुण्याच्या अभ्यासात आहाराबाबत जी गोष्ट पुढे आली ती शेतकऱ्याने मनावर घेण्यासारखी आहे. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे चांगल्या वजनाची झाली. नुसत्या भाकरीच्या संख्येने तितका फरक पडला नाही. याच स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. माळकरी घरात तर दूध-दही हाच त्याचा आधार. मग ज्या घरातून रोज वीस लिटर दूध संकलन केंद्रावर जाते, त्या घरातील गरोदर सुनेला दुधाऐवजी दिवसातून तीन वेळा चहा मिळावा, याला काय म्हणावे? डेअरीची किटली भरण्याआधी अर्धा लिटर दूध बाजूला काढून ठेवावे. त्याचे दही विरजावे आणि ते तिनेच खाल्ले की नाही हेही पाहावे.

रक्तक्षय ही आपल्याकडील गरोदर स्त्रियांची मोठी दुखणी. रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात, ७ च्या खाली गेले तर तो गंभीर असतो. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळी होणारा थोडासा रक्तस्रावही जिवावर बेततो. यावर शेतातून मिळणारा एक चांगला आधार म्हणजे बाजरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धुळे येथील केंद्रावर व पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने मिळून विकसित केलेला ‘धनशक्ती’ हा अधिक लोहाचा वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. साध्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, धनशक्तीत ते सुमारे ७१ मिलिग्रॅम आहे आणि जस्तही चांगले आहे. हा संकरित नसून सुधारित वाण असल्याने घरचे निवडक बी पुढे वापरता येते. पाऊसकाळ बरा असल्यास दहा गुंठ्यांत दीड-दोन क्विंटल बाजरी येते. विक्रीसाठी कोणताही वाण पेरा, पण घरच्या खाण्यापुरता हा तुकडा राखून ठेवण्यास हरकत नसावी. बाजरी उष्ण म्हणून गरोदर स्त्रीला वर्ज्य करतात, त्याची गरज नाही. दूध, ताक, लोणी यांबरोबर ती आनंदाने खाता येते.

बाजरीची भाकरी, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, मटकीची उसळ आणि वर लिंबू, असे जेवण असावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्याने ते वाया जाते, चहा तासाभराने घ्यावा. लोखंडी कढई व तवा वापरात ठेवावा. मोरीच्या सांडपाण्यावर एक शेवगा, एक लिंबू व चार वाफे पालेभाजी सहज जगते.

एवढे असूनही नुसत्या आहारावर भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी, चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोन वेळा देतात. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, मध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते व कधी मळमळते. त्याला घाबरून गोळ्या कोनाड्यात टाकू नयेत. रात्री जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. गुळ-शेंगदाणे चांगले, पण ते गोळीची जागा घेऊ शकत नाहीत.

जामखेडची शेतकरी मंडळे

आपल्याच जिल्ह्याच्या दुष्काळी टोकावर या विषयात जे काम झाले ते पाहण्यास जगभरातून लोक येतात. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लगेचच दुष्काळाची वर्षे आली. लोकांना औषधापेक्षा पाणी व अन्न हवे आहे हे ओळखून त्यांनी विहिरी व सकस आहारापासून सुरुवात केली. पुढे गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर व गरीब घरच्या स्त्रियांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवले. या स्त्रिया आठवड्याला जामखेडला येत, एकेक विषय शिकत आणि गावी जाऊन गरोदर बाईचे पोट तपासणे, सूज पाहणे, अवघड बाळंतपण आधीच ओळखून दवाखान्यात पाठवणे ही कामे करीत.

या कामाची एक बाजू आपल्या वाचकांसाठी विशेष आहे. गावोगावी पुरुषांची शेतकरी मंडळे स्थापन झाली होती. ती मंडळी सुरुवातीला पिकांची व जनावरांची माहिती घ्यायला जमत. गावच्या अडचणी बोलता बोलता ती मुलांचे वजन, गरोदर बायकांचा आहार, पिण्याचे पाणी या गोष्टींत लक्ष घालू लागली. महिला मंडळे त्यानंतर उभी राहिली. पुरुषांनी आधी विषय समजून घेतल्यामुळे घरातील स्त्रीला वेगळी परवानगी मागावी लागली नाही, हे त्या कामाच्या यशाचे मोठे कारण आहे असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मलेल्या बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हे प्रमाण तीसच्या आत आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून गावोगावी काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीची कल्पना याच वाटेवरची आहे.

त्या काळी रस्ते व वाहने नव्हती, म्हणून प्रशिक्षित सुईणीकडून घरी स्वच्छ बाळंतपण करण्यावर भर होता. आज परिस्थिती वेगळी आहे. प्रसूती दवाखान्यातच करावी.

तुमच्या फडात आलेली बाई

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेड तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची कुटुंबे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे बायको गरोदर असली तरी ती मागे राहू शकत नाही. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, आणि रात्री कोपीवर स्वयंपाक. एका दिवसाचा खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. फडावर किंवा कोपीत बाळंत होण्याचे प्रसंग या पट्ट्याला नवे नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

ऊस तुमचा, फड तुमचा. मजुरीचे व्यवहार कारखाना व मुकादम यांच्यात असले तरी तुमच्या बांधावर आठ दिवस राबणारी बाई गरोदर दिसली तर बागायतदाराला पुष्कळ करता येते. मुकादमाला व चिटबॉयला स्पष्ट सांगावे की हिच्याकडून मोळी वाहून घ्यायची नाही, पाचट काढणे किंवा मोळी बांधणे एवढेच द्या. पिण्याचे स्वच्छ पाणी व सावली द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावच्या आशाताईला व अंगणवाडीताईला त्याच दिवशी निरोप द्यावा. स्थलांतरित स्त्रीला ती जिथे असेल तेथील अंगणवाडीतून आहार व उपकेंद्रातून तपासणी, लस व गोळ्या मिळू शकतात, तिने सोबत माता-बाल संरक्षण कार्ड आणलेले असावे एवढेच. हे कार्ड गावी कोनाड्यात ठेवून येण्याची चूक फार होते, तेव्हा पाथर्डी-जामखेडच्या वाचकांनी निघतानाच ते पिशवीत टाकावे. शक्य असेल तर सहाव्या महिन्यानंतर बाईला घरी ठेवून दुसरा जोडीदार पाहावा.

तारीख, तपासणी व धोक्याच्या खुणा

अपेक्षित तारीख काढणे सोपे आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवावेत. पाळी १० जूनला आली असेल तर प्रसूती १७ मार्चच्या सुमारास. तारीख लक्षात नसेल तर सणावरून, पेरणीवरून आठवावी. पाळी चुकताच पहिल्या तीन महिन्यांतच उपकेंद्रात नाव नोंदवावे. त्यानंतर कमीत कमी चार तपासण्या झाल्या पाहिजेत. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी व हिमोग्लोबिन पाहिले गेले का ते कार्डावर वाचावे, आणि रकाना कोरा असेल तर विचारावे. धनुर्वात व घटसर्पाची लस घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवण्याची आपली रीत चांगली आहे, पण माहेरच्या गावच्या आशाताईकडे कार्ड दाखवून पुन्हा नोंद करावी. नाहीतर नेमक्या शेवटच्या दोन महिन्यांत तिच्यावर कुणाचेच लक्ष राहत नाही.

पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेतून सध्या पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. पैसे स्त्रीच्या नावावरील खात्यात येतात, तेव्हा खाते लग्नानंतर लगेच उघडून ठेवावे.

पुढील खुणांपैकी एकही दिसली तर शेतातील कोणतेही काम टाकून दवाखाना गाठावा : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंधुक दिसणे, झटके येणे, थंडी वाजून ताप, बाळाची हालचाल कमी होणे, दिवस भरण्याआधी पोटात कळा येणे. पायांवर थोडी सूज पुष्कळ जणींना येते, परंतु तोंड सुजले व डोके दुखू लागले तर रक्तदाब वाढल्याची ती खूण असते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर घरी बसून वाट पाहू नये. झटके आले म्हणजे बाहेरची बाधा समजून देवऋषी शोधण्यात जे दोन तास जातात, त्यातच पुष्कळ आया दगावतात.

रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. वस्तीवर राहणाऱ्यांनी आठव्या महिन्यातच दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. पहिली, पावसात रस्ता चिखलाचा होतो का, आणि झाल्यास बाईला डांबरी रस्त्यापर्यंत कोण व कशातून आणणार. दुसरी, रक्त लागल्यास देणारे दोघे-तिघे कोण. त्यांचा रक्तगट आधी तपासून नावे कार्डाच्या मागे लिहून ठेवावीत, आणि उसाला रात्रीचे पाणी धरायला शेतात जाणाऱ्याने त्या महिन्यात फोन चालू ठेवून सोबत न्यावा.